जिचे नाव घ्यायचे नाही

सुनेच्या तोंडून ते नाव निघाले तेव्हा बुबुसाराच्या हातात मटणाची परात होती. ती हातून निसटली नाही एवढेच. रस्सा हिंदकळून मनगटावर आला आणि तिला भाजल्याचेही भान राहिले नाही.

"बेगिमाय! पळ, बेगिमाय, पळ!"

अंगणाच्या टोकाला जर्दाळूच्या झाडाखाली तिची सून नुरझादा उभी होती. डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला, दोन्ही हात हवेत. पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात तिच्याखेरीज कोणी नाहीच अशा रीतीने ती ओरडत होती.

निमित्त आनंदाचेच होते. नुरझादाचा धाकटा मुलगा सांजार वर्षाचा होऊन चालू लागला होता, आणि पहिली पावले टाकणाऱ्या मुलाच्या पायांतला दोर रीतीप्रमाणे गावीच कापायचा म्हणून बुबुसाराचा मुलगा आणि सून मॉस्कोहून त्याला घेऊन आली होती. सांजारच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधून त्याला अंगणाच्या मधोमध उभे केले होते. गावातली पोरे रस्त्याच्या वळणावरून धावत येत होती. जो पहिला पोहोचेल त्याने सुरीने तो दोर कापायचा, म्हणजे बाळाची वाट मोकळी होते आणि कापणाऱ्याच्या पायांतला वेग बाळाच्या पायांत उतरतो. सर्वांच्या पुढे अकरा वर्षांची बेगिमाय होती. तिच्या मागे शेजारचा दांडगा तालाय होता, आणि तो तिला गाठण्याच्या बेतात असतानाच ती हाक आली. बेगिमायने मान वळवली नाही. तिने नुसते दात आवळले आणि तालायला मागे टाकून ती बाळासमोर गुडघ्यांवर कोसळली. दोर कापला गेला. सांजारने एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि तो बेगिमायच्या गळ्यात पडला.

टाळ्या पुरुषांनी वाजवल्या. बायका गप्प होत्या.

"अगं बाई," आइमकान म्हातारी शेजारणीला म्हणाली, पण ऐकू जावे अशा बेताने, "सुनेनं नणंदेचं नाव घेतलं! मॉस्कोचं पाणी चांगलंच लागलं म्हणायचं."

"खा, आइमकान," बुबुसाराने परात तिच्यापुढे ठेवली. "तोंडात घास असला की माणूस बरा दिसतो."

बोलून तर ती गेली. पण आत तिचे रक्त उसळत होते. सरोवराच्या या काठावर सून सासरच्या माणसांची नावे घेत नाही, थोरांची नाही आणि धाकट्यांचीही नाही. दिराला, नणंदेला ती स्वतः ठेवलेल्या नावाने हाक मारते. नुरझादाही बेगिमायला 'धाकट्या वन्सं' म्हणत आली होती. बेगिमायला तिनेच जन्म दिला होता, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती आणि त्याने काहीच बदलत नव्हते. थोरल्या मुलाचे पहिले मूल आजी-आजोबांचे. ते त्यांच्या मांडीवर वाढते, त्यांनाच आई आणि बाबा म्हणते. आणि ज्यांच्या पोटी जन्मले, ते त्याचे दादा आणि वहिनी होतात. म्हणजे बेगिमाय ही बुबुसाराची लेक आणि नुरझादाची नणंद. नणंदेचे नाव वीस घरांच्या पाहुण्यांसमोर घेणे म्हणजे काय, हे न कळण्याइतकी नुरझादा लहान नव्हती.

पाहुणे आपापल्या वाट्याचे मटण आणि कणकेचे तळलेले बोर्सोक फडक्यात बांधून गेले तेव्हा उन्हे अजून डोंगरावर होती. घरच्यांसाठी जेवणाचे दस्तरखान जमिनीवर पुन्हा पसरले गेले. बेगिमाय रीतीप्रमाणे दारापासून लांब, मानाच्या बाजूला बसली. लेक ही माहेरची पाहुणीच असते. नुरझादा दाराशी, चहाचे पाणी उकळणाऱ्या समोवारजवळ गुडघे मुडपून बसली आणि चहा ओतू लागली. पहिली वाटी सासऱ्याला, मग सासूला, मग नवऱ्याला. चौथी तिने दोन्ही हातांनी पुढे केली.

"घ्या, वन्सं."

"दुपारी वन्सं आठवल्या नव्हत्या वाटतं," बुबुसारा म्हणाली.

"तोंडून गेलं, सासूबाई."

"अकरा वर्षांत गेलं नाही, ते आज बरं गेलं! गाव जेवायला बोलावलेलं बघून?"

"जाऊ दे ना, वहिनी," मिर्लान म्हणाला. मिर्लान बुबुसाराच्या पोटचा मुलगा. पण तोही त्याच्या आजीच्या मांडीवर वाढला होता आणि जन्मदात्या आईला आजवर वहिनीच म्हणत होता. त्याने वाटी खाली ठेवली, घसा साफ केला. "आणि तसंही आता ते वन्सं-बिन्सं राहणार नाहीच. आम्ही बेगिमायला घेऊन चाललोय. सोमवारी. तिकीट काढून झालंय."

कोपऱ्यात म्हातारा ओमुरझाक मांडीवर जुने खोगीर घेऊन त्याचा उसवलेला पट्टा शिवत बसला होता. त्याची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"कोणाला विचारून?" बुबुसाराने विचारले.

"विचारायचं काय त्यात? माझीच मुलगी ना?"

"तुझी? आज सकाळी ती 'दादा' म्हणाली, तू ओ दिलीस. संध्याकाळपर्यंत मुलगी झाली? तिला गोवर निघाला तेव्हा कुठे होता तिचा बाप? तिचे दुधाचे दात पडले, ते भाकरीत घालून कुत्र्याला कोणी चारले?"

"पैसे कोण पाठवत होतं, वहिनी?"

"पैसे शेजारीही उसने देतो. त्याला कोणी बाप म्हणत नाही." बुबुसाराने श्वास घेतला. "बरं, शाळा? पुढच्या आठवड्यात तिची सहावी सुरू होते. तिकडे कोणत्या शाळेत घालणार?"

मिर्लानने बायकोकडे पाहिले. नुरझादा समोवारच्या तोटीकडे पाहत होती.

"शाळेचं बघू. तिकडे आधी भाषा यावी लागते, त्याशिवाय घेत नाहीत. वर्षभर घरी राहील, कानावर पडेल, शिकेल."

"घरी राहून काय करील?"

उत्तर बेगिमायने दिले. तिला ते आधीच सांगून ठेवले होते, आणि यात लपवण्यासारखे काही असेल अशी तिला शंकाही आली नव्हती. "सांजारला सांभाळायचं, आई. ते दोघं सकाळी कामाला जातात ना, मग खोलीत मी आणि सांजार. बाहेरून कुलूप लावून जाणार. पण टीव्ही आहे म्हणाला दादा."

"कुलूप," बुबुसारा म्हणाली.

"शहर आहे ते, वहिनी! दार उघडं टाकून जायला ते काय आपलं गाव आहे?"

"कोंबडीलासुद्धा मी दिवसा कोंडत नाही रे." तिचा आवाज चढला नव्हता, उलट तो इतका खाली आला होता की ओमुरझाकने मान वर केली. "अंगणभर धावणारी पोर. तिला नेऊन कुलपात घालणार? आणि वर म्हणतोस, माझी मुलगी!" मग ती सुनेकडे वळली. "आणि तू? तू हिला लेक म्हणून नेतेस का आया म्हणून? दिवसभर बाळ राखणारी, पगार न मागणारी, पळूनही न जाणारी. असली आया मॉस्कोत मिळत नसेल ना!"

नुरझादाच्या गालांवर लाली चढली. त्या लालीचा अर्थ बुबुसाराने बरोबर लावला. बोट दुखऱ्या जागी पडले होते.

"अहो," ती नवऱ्याकडे वळली, "तुम्ही काही बोलणार आहात, की खोगीरच शिवणार?"

"मी काय बोलू, म्हातारे?"

"नकाच बोलू. तेव्हाही तुम्ही शिवतच होतात."

'तेव्हा' म्हणजे केव्हा, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. ओमुरझाकने सुई चामड्यात खोचली आणि हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला.

बुबुसाराने मात्र स्वतःला सावरले. भांडण जिंकता येते हे तिला दिसत होते, आणि जिंकणाऱ्याला थोडे मोठे मन दाखवणे परवडते. "हे बघा," ती म्हणाली, "तुमची अडचण मला कळते. बाळ राखायला माणूस नाही, एवढंच ना? मग सांजारला इथं ठेवून जा. एकीला वाढवलं, दुसऱ्यालाही वाढवीन. माझे हातपाय अजून चालतात."

नुरझादाने चहाची किटली खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली.

घरात आल्यापासून सासूला तिने हा शब्द कधी ऐकवला नव्हता.

"एक घेतलंत. दुसरं मी देणार नाही."

"घेतलं? मी घेतलं? तुला रीत..."

"एकोणीस वर्षांची होते मी, सासूबाई! चाळिसाव्या दिवशी सगळ्या बायका जमल्या, लोणी-बोर्सोक खाल्ले आणि तुम्ही माझ्या मांडीवरून तिला उचललंत. मग मला मागच्या खोलीत नेलंत आणि फडक्यानं माझी छाती करकचून बांधलीत. दूध आटलं की दुखणार नाही, म्हणालात. चौथ्या दिवशी आम्ही मॉस्कोला निघालो. विमानात पलीकडच्या बाईचं बाळ रडायला लागलं, आणि त्या फडक्यासकट माझा सदरा भिजला. शेजारी परका माणूस बसलेला. मी कोट घालून बसले तिथपर्यंत." ती थांबली नाही, थांबली असती तर पुन्हा बोलता आले नसते. "फोन केला की विचारायची, 'वन्सं, जेवलात का? वन्सं, बऱ्या आहात ना?' माझ्या पोटची पोर, आणि तिला मी अहो-जाहो करते! आज ती धावत होती. तोंडून गेलं म्हणाले, ते खोटं. अकरा वर्षं दातांमागे धरलं होतं, आज सोडलं."

"आणि म्हणून तिला कुलपात घालणार?"

"माझ्याजवळ असेल! कुलपात असली तरी संध्याकाळी माझ्याजवळ असेल!" नुरझादा ओरडली, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिने तोंडावर हात दाबला.

"रीत आहे ती," बुबुसारा म्हणाली. "मी काय घरी बसून काढली? मला तरी कोणी विचारलं होतं, की..."

वाक्य पुरे झाले नाही. ती उठली, दारामागची टोपली काखेत मारली आणि बाहेर पडली.

घरामागे फळ्यांच्या मांडवांवर जर्दाळू वाळत पडले होते. उन्हे उतरण्याआधी ते उलटायचे असतात. बुबुसारा एकेक फळ उलटू लागली, आणि फळांचा काही अपराध असावा अशा रीतीने त्यांना आपटू लागली. तिचा संताप शमला नव्हता. फक्त तो कोणावर काढायचा, हे मघाइतके स्पष्ट राहिले नव्हते.

बेगिमाय मागोमाग आली. ती मांडवाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि तीही फळे उलटू लागली, तितक्याच रागाने.

"मी काय मेंढी आहे का?" काही वेळाने ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"दादा म्हणतो सोमवारी नेतो. तू म्हणतेस ठेवून घेते. वहिनी म्हणते संध्याकाळी जवळ पाहिजे. मेंढीचा तरी कान बघतात, कोणाची खूण आहे ते. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही."

बुबुसाराचे हात थांबले. "बरं. मी बघते. सांग. जायचंय तुला?"

"नाही." बेगिमायला विचार करावा लागला नाही. "टीव्हीचं ऐकून आधी छान वाटलं होतं. पण शाळा नाही म्हणजे धावण्याची शर्यत पण नाही. आणि खोलीत कुठे धावणार?" तिने एक जर्दाळू उचलला, तोंडात टाकला. "पण आई, वहिनीला माझं नाव घेऊ दे ना."

"का?"

"तो तालाय माझ्या अगदी पाठीशी होता. त्याचा श्वास ऐकू येत होता मला. मग ती ओरडली. म्हणून मी जिंकले." ती बी चघळत राहिली. "मला वाटायचं, तिला माझं नाव आवडतच नाही. म्हणून घेत नाही."

"तुला रीत माहीत नाही का?"

"माहीत आहे. तरी वाटायचं."

बुबुसाराने टोपली मांडवावर ठेवली.

मिर्लान सहा वर्षांचा असताना घोड्यावरून पडला होता. हनुवटी फुटली होती. तो रक्ताने माखून धावत अंगणात आला, तेव्हा ती दाराशीच उभी होती, ताक घुसळत. तिने लगेच हात पुढे केले होते. तो तिच्या अंगाला घासून पुढे गेला आणि "आई! आई!" करीत सासूच्या कुशीत शिरला. सासूसमोर जे म्हणायची रीत होती, तेवढेच ती म्हणाली होती: "भावोजी, फार लागलं का?" स्वतःच्या मुलाला. नंतर ती पुन्हा ताक घुसळायला बसली, आणि ओमुरझाक पडवीत खोगीर शिवत होता. पुढे दोन मुले झाली, ती जगली नाहीत. सासू वारली तोवर मिर्लान पंधरा वर्षांचा झाला होता आणि जिभेला वळण लागून गेले होते. 'आई' ही हाक बुबुसाराने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती बेगिमायच्या तोंडून. आपले होते ते आपल्याला उशिरा का होईना मिळाले, असे तिला त्या दिवशी वाटले होते. ते दुसऱ्या कोणाच्या तरी पदरातून मिळाले, हे तिने पाहिले नव्हते असे नाही. तिने तिकडे बघायचे नाकारले होते.

आणि लेकराला वाटावे की आपले नाव आईला आवडत नाही! मिर्लानलाही तसेच वाटले असेल का? ताक घुसळत राहिलेल्या बाईबद्दल त्या सहा वर्षांच्या पोराला काय वाटले असेल? या विचाराने तिला रडू यायला हवे होते. तिला आला तो संताप, पहिल्यापेक्षा दुप्पट, आणि या वेळी त्याला जागा सापडली होती.

ती तरातरा घरात गेली. बेगिमाय मागे धावली.

सगळे जिथल्या तिथे बसले होते. चहा निवला होता.

"पोरगी कुठेही जाणार नाही," बुबुसारा उभ्यानेच म्हणाली. "तिची शाळा आहे. शाळा नसेल तिथं ती जाणार नाही, मग ते मॉस्को असो की स्वर्ग."

"वहिनी, तिकीट..."

"तू गप्प बस. तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे." ती नुरझादासमोर येऊन थांबली. "आणि तुझा मुलगा तुझ्याजवळ राहील. मघाशी मी ते बोलायला नको होतं. तुला लेक हवी ना? मग लेक आहे तिथं राहा. सांजारला घेऊन राहा. घर मोठं आहे, जर्दाळू तुझी वाट बघत पडलेत, आणि माझ्याशी भांडायला तुला यायला लागलंय, तेव्हा दिवस बरे जातील."

नुरझादाने वर पाहिले. विश्वास ठेवावा असे अजून तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते. "कोण म्हणून राहू? तिची वहिनी म्हणून?"

"तिचं नाव माहीत आहे ना तुला? मग त्या नावानं हाक मार. ती तुला काय म्हणेल ते तिचं ती ठरवील. मी सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांची तोंडं आज मटणानं बंद केली, उद्या चहानं करू."

"आणि मी?" मिर्लान उसळला. "मी तिकडे एकट्यानं खोलीचं भाडं कसं भरू? एकाच्या पगारात?"

"चार चार जण एका खोलीत राहतात म्हणून तूच सांगत होतास. तूही राहा. तुझ्या खोलीला बाहेरून कुलूप तर कोणी लावणार नाही?"

नुरझादाने त्या संध्याकाळी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. रविवारी तिने सांजारचे कपडे धुऊन अंगणात वाळत घातले. निघायच्या आदल्या दिवशी कोणी कपडे भिजवत नाही, हे बुबुसाराच्या ध्यानात आले. दोर फार सैल बांधलास, कपडे लोळताहेत, म्हणून ती सुनेवर खेकसली. नुरझादाने दोर सोडून पुन्हा बांधला आणि पडवीकडे हाक मारली, "बेगिमाय, चिमटे आण." पडवीतून उत्तर यायला थोडा वेळ लागला. "आणते," बेगिमाय म्हणाली. वहिनी नाही, आई नाही. नुसते, "आणते."

सोमवारी सकाळी विमानतळाला जाणारी गाडी फाटकाशी येऊन थांबली. मिर्लानची एकच बॅग होती. त्याने सांजारचे पापे घेतले, बेगिमायच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोशी चार शब्द बोलला; ते चार शब्द फारसे गोड नव्हते. मग गाडीत बसून त्याने काचेतून मान बाहेर काढली.

"येतो, वहिनी."

बुबुसाराने गाडीच्या दाराची मूठ धरली.

"तुला थोरला भाऊ आहे का रे?"

"म्हणजे?"

"सरळ विचारतेय. तुला थोरला भाऊ आहे?"

"नाही."

"मग मी वहिनी कोणाची? कोणत्या भावाची बायको मी?"

मिर्लान हसला. ती हसत नाही हे पाहून त्याचे हसू ओठांवरच राहिले. त्याच्या हनुवटीवर जुन्या जखमेची पांढरी रेघ होती. ती या उजेडात स्पष्ट दिसत होती.

"गाडी उभी आहे, व... लोक बसलेत आत."

"बसू देत. मी तेहतीस वर्षं बसले."

त्याने मदतीसाठी बापाकडे पाहिले. ओमुरझाक फाटकाला टेकून उभा होता. आज त्याच्या हातात खोगीर नव्हते, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते.

"म्हण ना, पोरा," तो म्हणाला.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मिर्लानने मान खाली घातली आणि स्वतःच्या बुटांशी बोलावे तसा एकच शब्द पुटपुटला.

बुबुसाराने दाराची मूठ सोडली नाही.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.